तीन लेथमधली एक

अण्णासो मगदूमांच्या शेडमध्ये लोखंड कातायच्या तीन लेथ मशीन ओळीनं उभ्या होत्या. तिघींना एकाच डब्यातला हिरवा रंग. त्यातली एक चांगली होती आणि दोन नुसत्या रंगानं चांगल्या होत्या.

"कुठली चांगली ते ओळखा," अण्णासो समोर उभ्या असलेल्या वैजयंताला म्हणाले. "ओळखलीत तर तुम्ही म्हणाल त्या भावात. चुकलात तर जिच्यावर बोट ठेवाल ती माझ्या भावात न्यायची."

"चालू करून बघते."

"चालू करायची नाही. हात लावायचा नाही. कुणाला विचारायचंही नाही."

"मग ओळखायची कशी?"

"ते तुमचं तुम्ही बघा. वीस वर्षं जुन्या मशीन विकतोय, अजून कुणाला जमलं नाही."

वैजयंता लोहारनं दुसऱ्याच्या वर्कशॉपमध्ये नऊ वर्षं लेथवर टर्नरचं काम केलं होतं. आता स्वतःचं शेड घेतलं होतं. आठ दिवसांत गुऱ्हाळं सुरू होणार होती आणि गावातल्या ऊस गाळायच्या चार चरकांच्या दुरुस्तीचं काम तिनं अंगावर घेतलं होतं. फक्त मशीन नव्हती. महिनाभर ती सांगली, कराड, इचलकरंजी पालथी घालत होती. कुठं चांगली मशीन तिच्या ऐपतीबाहेरची, कुठं ऐपतीतली मशीन गंजून गेलेली. आज हात हलवत परतली असती तर चारही गुऱ्हाळवाले दुसरीकडे गेले असते.

तिनं तिन्ही मशीनभोवती दोन फेऱ्या मारल्या. रंग इतका जाड होता की खाली लोखंड आहे हेसुद्धा विश्वासानंच मानावं लागत होतं.

"विचार करायला अर्धा तास मिळेल का?"

"तासभर घ्या. चहा मागवतो," अण्णासो खुशीत म्हणाले.

वैजयंतानं पिशवीतून एक जाडजूड पिन काढली. "तोवर माझं एवढं काम होईल का? चरकाची पिन आहे, बुशाच्या भोकात बसत नाही. जराशी घासायची आहे. मजुरी देते. पण काम एकदम नेमकं हवं, केसभर फरक पडला तरी चरक अडकतो."

"आमच्याकडं काम नेमकंच होतं," अण्णासो म्हणाले आणि त्यांनी मागे हाक दिली. "दस्तगीर! बाईंची पिन करून दे. मापात, बरं का. नाव जायला नको."

दस्तगीर मिस्त्री मागच्या अंगणात गिअर धूत होते. पैजेचं त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. हात पुसत ते आले, पिन निरखली, माप घेतलं. पहिल्या मशीनवरून पुढं गेले, दुसरीकडं पाहिलंही नाही. तिसऱ्या मशीनला पिन लावून त्यांनी बटण दाबलं.

अण्णासोंचा कप ओठांपाशीच थांबला.

"मला तिसरी द्या," वैजयंता म्हणाली.

"हे काही खरं नाही. दस्तगीरनं सांगितलं तुम्हाला."

"मिस्त्री एक शब्द तरी बोलले का? आणि मी हात लावला? चालू केली? कुणाला विचारलं?"

दस्तगीर दोघांकडं आळीपाळीनं बघत राहिले. "मालक, माझं काही चुकलं का?"

"तुझं नाही रे. काम नीट कर म्हणून मीच सांगितलं." अण्णासोंनी कप खाली ठेवला. हार मानायला मन तयार नव्हतं. "पण बाई, समजा मला वेळेत कळलं असतं आणि मी दस्तगीरला वाटेत थांबवलं असतं. मग काय केलं असतं?"

"मग सोपंच होतं, अण्णा. ज्या मशीनकडं जाताना तुम्ही थांबवलं असतं, तीच मागितली असती."

अण्णासो असे हसले की शेडच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. डोळे पुसत त्यांनी मशीन तिच्या भावात दिली, वर लेथवर काम पकडायचा एक नवाकोरा चक फुकट दिला आणि दस्तगीरला आपला टेम्पो काढायला सांगितलं.