सुंद्राबाईचा हंडा

एका गावात एक शेजारीण होती. कुणाच्या चुलीवर काय शिजतंय हे तिला वासावरून कळायचं, आणि नाही कळलं तर ती सरळ विचारायला जायची. एका सकाळी विहिरीवर तिच्या कानावर आलं, "तांबटानं नवरीचा हंडा जाळून काळा केला, आता काही तो..." तेवढ्यात रहाट कुरकुरला आणि पुढचं बोलणं त्यात बुडालं.

कळशी तिथंच टाकून ती तडक तांबटाच्या दारी पोचली.

हंडा खरंच काळाठिक्कर पडला होता. नवरीचा बाप डोक्याला हात लावून बसला होता. नवरी हंड्याच्या गळ्यावरून बोट फिरवत होती. तिथं तिच्या वारलेल्या आईचं नाव कोरलं होतं, सुंद्राबाई. संध्याकाळी हाच हंडा घेऊन ती सासरी निघणार होती.

तांबट म्हणाला, "अण्णा, पोचा काढायचा तर पितळ तापवावंच लागतं. थंड ठोकलं तर तडकतं. आणि तापलं की अशी काळी खपली धरते."

"मग वाळूनं खरवड की. घटकाभराचं काम."

"चकाकेल घटकाभरात. पण अक्षरं आधीच झिजलीत, वहिनींचं नाव वाळूबरोबर जाईल. चिंचेच्या कढत पाण्यात बुडवला तर खपली आपसूक सुटेल. दुपार होईल मात्र. आणि एवढा हंडा बुडायचा तर चिंच ढीगभर लागेल. माझ्याकडची संपली."

बाप घुटमळला. मुलगी म्हणाली, "बाबा, मी काळाच नेते. आईचं नाव राहू दे."

"काळा कशाला गं नेतेस?" शेजारीण दारातूनच बोलली. "माझी वर्षाची चिंच बरणीत बसून काय करतेय?"

ती निघाली. वाटेत प्रत्येक घरी थांबून तिनं सगळी हकीकत सांगितली, आणि परतली तेव्हा मागून आळीतल्या सात जणी आपापल्या बरण्या घेऊन येत होत्या.

दुपार कलल्यावर तांबटानं हंडा बाहेर काढला आणि मऊ फडक्यानं पुसला. पितळ हळदीसारखं पिवळं उजळलं, आणि गळ्यावर सुंद्राबाई जशीच्या तशी. मुलगी खुदकन हसली. बापानं उपरण्यानं डोळे टिपले आणि धूर फार झालाय म्हणाला.

संध्याकाळी विहिरीवर कुणीतरी विचारलंच, "हंडा जाळला म्हणे?"

"जाळला. काळाही झाला. तेवढं खरं," शेजारीण कळशी उचलत म्हणाली. "पुढचं वरातीत येऊन बघा. आणि वर्षभर माझ्याकडे चिंच मागायला कुणी फिरकू नका."

तात्पर्य: वरचा काळेपणा घालवताना खालचं मोलाचं जपावं, मग त्याला थोडा वेळ लागला तरी चालेल.