वैद्यबुवांचा राघू काय बोलला

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या राज्याचं नाव सांगणारं आता कुणी उरलेलं नाही.

त्या राज्याच्या वेशीवर एकदा शिपायांनी एक बैलगाडी अडवली. गाडीत पोती होती, आणि पोत्यांत धान्याऐवजी पोपटांची पिल्लं होती. ढोल्यांतून ओरबाडून काढलेली, डोळेही न उघडलेली. निम्मी वाटेतच गुदमरून मेली होती.

जी वाचली त्यांच्यासाठी राजाने नदीकाठी एक बाग दिली. तिथे एक म्हातारा माळी आणि त्याची बहीण राहत. बहीण जन्माची मुकी होती. तीच पिल्लांना बोटाने मऊ भात भरवी. जी उडायला शिकली ती रानात गेली. ज्यांचे पंख अधू राहिले, त्यांच्यासाठी माळी घरं शोधू लागला. त्याचा नियम एकच होता. पाखरू आधी चार महिने पाहुणं म्हणून न्यायचं, मग बागेत आणून दाखवायचं. ते सुखात दिसलं, तरच ते कायमचं त्या घरचं.

पलीकडच्या गावात एक वैद्यबुवा होते. हाताला गुण होताच, पण त्याहून जास्त गुण त्यांच्या बोलण्याला होता. रोगी म्हणत, "बुवांनी नुसतं 'कसं वाटतंय बाळा?' विचारलं, की अर्धा ताप उतरतो." आपल्याला राग म्हणून येतच नाही, असं बुवांना स्वतःलाही मनापासून वाटे. बागेतली गोष्ट ऐकून त्यांचे डोळे भरून आले. दुसऱ्याच दिवशी ते गेले आणि डावा पंख लुळा पडलेला एक राघू घेऊन आले.

त्यांनी राघूसाठी काय केलं नाही? पंखाला रोज तेल चोळलं. डाळिंबाचे दाणे आपल्या हाताने सोलून दिले. पिंजऱ्याचं दार कधी लावलं नाही. काढे उकळायच्या चुलीजवळ ऊब असे, म्हणून तिथेच त्याची दांडी टांगली. बायको चूल सांभाळी, बुवा औषधं खलत आणि राघू दोघांकडे मान वाकडी करून बघत बसे.

तीन महिने तो मुका होता. चौथ्या महिन्यात एका सकाळी तो बोलला.

"गप्प बस! गप्प बस म्हटलं ना!"

बुवांच्या हातातला बत्ता थांबला. आवाज चिरका होता, पण शब्द स्वच्छ होते. राघूने पिसं फुगवली आणि पुन्हा म्हणाला, "अक्कल गहाण टाकलीस का? बापाने हेच शिकवलं का? ऊठ, तोंड काळं कर!"

बुवांच्या अंगावर काटा आला. "शिव शिव! ऐकलंस का?" ते बायकोला म्हणाले. "कुठल्या घरात राहिलं असेल हे लेकरू! कसला राक्षस असेल तो!"

बायकोने काढा ढवळता ढवळता म्हटलं, "ऐकलं."

त्या दिवसापासून बुवांना चैन पडेना. राघू असं काही बोलला, की ते कासावीस होत. गावात ज्याला त्याला सांगत, "ज्याने या पाखरासमोर असली जीभ चालवली, त्याला शोधून काढलंच पाहिजे." चार महिने भरले तेव्हा ते राघूला घेऊन बागेत निघाले. बायकोला बरोबर घेतलं. गावचे पाटील आणि आठ-दहा माणसंही मागे निघाली.

"माळीदादा," बुवा बागेत शिरताच म्हणाले, "हा राघू माझ्याकडे येण्याआधी कुणाच्या घरी होता? पाटलांसमोर नाव सांगा. त्या माणसाला शिक्षा झाली पाहिजे."

माळी गोंधळला. "कुणाच्याच नाही, बुवा. हा पोत्यातून निघाला तेव्हा त्याचे डोळेही उघडले नव्हते. माझ्या बहिणीने याला तळहातावर वाढवला, आणि तिच्या तोंडून तर शब्द फुटत नाही. मी दिवसभर लांब, झाडांना पाटाचं पाणी द्यायला असतो. तुमचं घर हे याचं पहिलंच घर."

"असं कसं होईल?" बुवा म्हणाले. "तो बोलतो ते तुम्ही ऐकलं नाहीत."

तेवढ्यात, एवढी माणसं बघून बावरलेल्या राघूने तोंड उघडलं.

"काढा उतू गेला! आंधळी आहेस का? हजारदा सांगितलं, हजारदा! चालती हो समोरून!"

सगळ्यांच्या नजरा बुवांकडे वळल्या. काढा कुणाच्या घरी उकळतो, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं.

बुवांना वाटलं, आता तरी हे थांबेल. पण राघू थांबला नाही. त्याने मान खाली घातली आणि एक वेगळाच आवाज काढला. बारीक, तुटक, दाबून धरलेला. कुणीतरी पदर तोंडात कोंबून रडावं तसा. बुवांनी हा आवाज जन्मात कधी ऐकला नव्हता, कारण ओरडून झालं की ते नेहमी बाहेर रोग्यांकडे जात. मग राघू बाईच्या आवाजात हळूच म्हणाला, "काही नाही हो. डोळ्यांत धूर गेला."

हे वाक्य मात्र बुवांच्या ओळखीचं होतं. अकरा वर्षं ते घरात शिरताना हेच ऐकत आले होते, आणि दरवेळी "मग खिडकी उघड की" म्हणून पुढे गेले होते.  ते मटकन खाली बसले. "मी?" एवढंच त्यांच्या तोंडून निघालं. "हे मी बोलतो?"

ते बायकोकडे वळले. ती नाही म्हणेल, अशी त्यांना अजून आशा होती.

ती म्हणाली, "धूर नव्हता."

पाटलांनी मान फिरवली. माळ्याने राघूला उचलून बहिणीच्या खांद्यावर ठेवलं. "पाखरू परत देता येणार नाही, बुवा. तेल, डाळिंब, सगळं केलंत तुम्ही. पण हा भेदरलाय." मग तो बुवांच्या बायकोला म्हणाला, "ताई, तुम्हालाही इथं राहायचं असेल, तर आमच्या झोपडीत जागा आहे."

ती राहिली.

बुवा एकटे घरी गेले. रोगी येत राहिले, पण "कसं वाटतंय बाळा?" हे विचारताना आता त्यांची जीभ अडखळे. दर आठ दिवसांनी ते बागेत जात, पाखरांची भांडी घासत आणि न बोलता परत येत. बायको लांबून बघे. पहिले सहा महिने ती एक अक्षर बोलली नाही. तिने बोलावं असं बुवांनीही कधी म्हटलं नाही. वर्ष उलटल्यावर एके दिवशी तीच जवळ येऊन म्हणाली, "उद्या येते. राघू मात्र इथेच राहील. आणि पुन्हा एकदा जरी तसं ऐकलं, तर मीही इथेच."

ती आली. पुढे ते घर शांत झालं, आणि पुन्हा कधी तिला बागेत परत जावं लागलं नाही. राघू मात्र म्हातारा होईपर्यंत, बुवा दिसले की दांडीच्या पार टोकाला सरकत असे. त्यावर कसलंच औषध त्यांना कधी सापडलं नाही.

म्हणून लहानांनो आणि मोठ्यांनो, एवढं ध्यानात ठेवा: परक्यांशी गोड बोलतो तो चांगला नव्हे, घरात दार लावून घेतल्यावर जो गोड बोलतो, तोच चांगला.