ठुमकीचे बंद कान

उंदरांच्या बिळात एक नियम होता. कान बंद झाला, की काट्याने कोरायचा. का, असं विचारायचं नाही.

एके दिवशी ठुमकी उंदरीचे कान बंद झाले. आईची चूं चूं कुठेशी हरवली. आत्या काटा घेऊन आली. काकाही आले.

ठुमकी पळाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

तळ्याकाठी बगळेडॉक्टर होते. त्यांनी ठुमकीच्या कानांत डोकावलं.

"मळ कडक झालाय," डॉक्टर मोठ्याने म्हणाले. "माझी चोच बघ किती टोकदार. तरी मी ती कानात घालत नाही. औषधाचे थेंब टाकतो, मळ मऊ होईल. मग कान धुऊ. पण पाणी कोमट हवं. गार पाण्याने गरगरतं."

ठुमकी पाण्याकडे गेली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"बगळा कान धूत नाही,
आई ऐकू येत नाही.
पाण्या पाण्या, कोमट हो."

पाणी म्हणालं, "चूल पेटली तर होईन."

ठुमकी चुलीकडे गेली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"पाणी कोमट होत नाही,
बगळा कान धूत नाही,
आई ऐकू येत नाही.
चुली चुली, पेट ना."

चूल म्हणाली, "काटकी मिळाली तर पेटेन."

ठुमकी झाडाकडे गेली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"चूल काही पेटत नाही,
पाणी कोमट होत नाही,
बगळा कान धूत नाही,
आई ऐकू येत नाही.
झाडा झाडा, काटकी दे."

झाड म्हणालं, "वाऱ्याने हलवलं तर देईन."

ठुमकी टेकडीवर गेली. तुरुतुरु, तुरुतुरु. वारा तिथे लोळत होता.

"झाड काटकी देत नाही,
चूल काही पेटत नाही,
पाणी कोमट होत नाही,
बगळा कान धूत नाही,
आई ऐकू येत नाही.
वाऱ्या वाऱ्या, झाड हलव."

"एवढंच ना?" वारा म्हणाला. आणि उठला. सूंऽऽऽ!

वाऱ्याने झाड हलवलं. गदागदा.
झाडाने काटकी दिली. कडाड्कट.
काटकीने चूल पेटली. भगभग.
चुलीवर पाणी कोमट झालं.
बगळ्याने चोचीत पाणी घेतलं, कान धुतले. चुळुक चुळुक.
मळ बाहेर आला. टप्. टप्.

ठुमकी घरी आली. आई हळूच म्हणाली, "चूं." ठुमकीला ऐकू आलं. ती आईला बिलगली.

आत्या-काका काटा घेऊन उभेच होते. आत्या म्हणाली, "आम्ही जन्मभर कान कोरले, आम्हाला काय झालं?"

ठुमकीने हळूच विचारलं, "काका, लाडू हवा?"

काका ढिम्म.

"आत्या, लाडू हवा?"

आत्या ढिम्म.

मग ठुमकी मोठ्याने म्हणाली, "मी कान कोरून घेणार नाही."

हे मात्र दोघांना ऐकू आलं.