शेल्याखालचा वाकस

पूर्वी विदिशा नगरीत राजा सुषेण राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याचा अमात्य होता. शेजारच्या राज्याशी चाललेले जुने युद्ध त्याने शहाणपणाने मिटवले. पोरे जिवंत घरी आली, लोकांनी दारोदारी दिवे लावले. युद्धरथ नकोसे झाले म्हणून राजाच्या रथशाळेला कुलूप लागले. हे मात्र कोणाच्या ध्यानात राहिले नाही, अमात्याच्याही नाही.

त्या रथशाळेत नंदिक नावाचा चाके घडवणारा सुतार होता. नगरीची रीत अशी, की ज्याला काम हवे त्याने आपले हत्यार खांद्यावर घेऊन लाकूडबाजारात उभे राहावे. नंदिकही रोज जाई. पण राजाने दिलेला मानाचा शेला पांघरून, आणि तासायचा वाकस त्याखाली झाकून. राजरथ घडवलेला माणूस हत्यार दाखवत उभा कसा राहणार? सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, तसे त्याचे झाले. शेला पाहून लोक त्याला खाऊनपिऊन सुखी गृहस्थ समजत. अमात्यही येताजाता त्याला आदराने नमस्कार करी आणि पुढे निघून जाई. अशी कित्येक वर्षे गेली.

घर चालवी ती त्याची बायको उत्पला, लोकांचे भात कांडून. नदीपलीकडे तिची म्हातारी आई होती. "एकदा येऊन जा," असा तिचा निरोप येई. उत्पला नवऱ्याला म्हणे, "रिकाम्या हातानं माहेरी कशी जाऊ? तुम्हाला काम लागलं की जाऊ."

एकदा ती अमात्याच्या घरी कांडायला आली. त्याने सहज विचारले, "बाई, तुझा नवरा काय करतो?"

"लाकूडबाजारात उभे असतात, शेला पांघरून. तुम्ही रोज नमस्कार करता की त्यांना."

"तो गृहस्थ? त्याला काय कमी आहे?"

उत्पलाने मुसळ खाली ठेवले. "महाराज, लढाई थांबली, माझा भाऊ जिता परत आला, हे तुमचे उपकारच. पण तुमच्या नमस्कारानं आमची चूल पेटत नाही."

बोधिसत्त्वाला फार लाज वाटली. त्याच सुमारास एक परदेशी व्यापारी रथशाळेतले मुरलेले सागवान मागत होता आणि सौदा जुळवल्याबद्दल अमात्याला पाचूचा हार देऊ करत होता. बोधिसत्त्वाने हार नाकारला. राजाला सांगून ते लाकूड त्याने बैलगाड्या करण्यासाठी सुतारांना मोकळे करून दिले, आणि सकाळी लाकूडबाजारात जाऊन त्याने नंदिकाला गाड्यांचे काम सांगितले.

"राजरथ केले मी," नंदिक म्हणाला. "आता मडकी वाहायच्या गाड्या करू?"

बोधिसत्त्वाने आपला शेला उतरवला, नंदिकाचा वाकस मागून घेतला आणि तो खांद्यावर धरून त्याच्या शेजारी उभा राहिला. सारा बाजार बघत राहिला.

"अहो, हे काय करता?"

"रथशाळा माझ्यामुळे बंद झाली. तुला लाज वाटत असेल, तर मी उभा राहतो."

नंदिकाचे डोळे भरून आले. त्याने वाकस परत घेतला. एका कुंभाराने भीत भीत विचारले, "चाकं करून देशील का बाबा?"

"करीन," नंदिक म्हणाला.

सुरुवातीला हाताला फोड आले, पहिले चाक वाकडे झाले. हळूहळू हात बसला. घर शाकारले गेले, गहाण पडलेली भांडी परत आली. पुढे त्याने स्वतःची गाडी केली, सासूसाठी नवे लुगडे घेतले आणि उत्पलाला बसवून तो नदीपलीकडे निघाला.

दारात भाऊ उभा होता. म्हणाला, "आई सुगीच्या आधीच गेली. गाडी वाजली की बाहेर यायची."

उत्पला गाडीतून उतरलीच नाही. लुगडे मांडीवर घेऊन म्हणाली, "माझ्या हातात काय आहे, हे ती कुठे बघणार होती? रिकामीच यायला हवं होतं मी."

हे कानावर आले तेव्हा बोधिसत्त्व हळहळला. "युद्ध मिटवले ते योग्यच होते," तो म्हणाला. "पण कुलूप लागले त्याच दिवशी मी त्यांच्या दारी जायला हवे होते."

एवढे सांगून शास्त्यांनी, त्या भिक्षूंच्या गुरूंनी, कथा संपवली. मग म्हणाले, "भिक्षूंनो, पुष्कळ काळ रिकामा बसून आज आपल्या विहाराचे दार घडवतो आहे तो सुतार, तोच तेव्हाचा नंदिक. त्याची भाकरी घेऊन आलेली ती उत्पला. विहाराला जागा देणारा श्रेष्ठी हा तेव्हाचा राजा. आणि रोज नमस्कार करून पुढे निघून जाणारा अमात्य, तो मी. या कथेतला गुण करुणा आहे. माझ्या हातून तिला उशीर झाला. तुमच्या हातून होऊ देऊ नका."