केरबाची नळी मांडवात

एका गावात एक भोळा केरबा होता. गावात साखर कारखाना होता म्हणून त्याला काम होतं, आणि शेजारी हणमंतआबा होते म्हणून त्याला सोयरीक होती. आबांची पारू त्याला द्यायची ठरली होती. केरबाला पारू इतकी आवडायची, की तिचं नाव निघालं की घास कानाशी जायचा.

कारखान्यात तो नानू मिस्त्रींच्या हाताखाली होता. पहिल्याच दिवशी त्यानं वाफेच्या दोन पाइपांमध्ये वाकणारी पोलादी नळी बसवली. अगदी ताणून. वाफ सोडली आणि नळी फाटली.

"अरे येड्या, पाइप तापला की लांबतो, निवला की आखडतो. ढील ठेवायची!"

"ठेवतो की," केरबा म्हणाला.

संध्याकाळी आई म्हणाली, "म्हैस बांध रं." केरबानं बांधली. दाव्याला भरपूर ढील ठेवली. म्हशीनं आबांची सगळी मेथी खाल्ली आणि परत जागेवर येऊन रवंथ करत बसली.

"दावं आखूड बांधावं, एवढं कळत नाही?" आबा ओरडले.

"मिस्त्री म्हणाले, ढील ठेव."

दुसऱ्या दिवशी केरबानं ढील ठेवली, पण पाना फिरवता फिरवता नळीलाच पीळ दिला. मिस्त्रींनी कपाळाला हात लावला. "बाजूला सरकव, वाकव, तिला सगळं चालतं. पिळायचं तेवढं नाही!"

"नाही पिळत."

घरी आईनं गोधडी धुतली होती. "घट्ट पिळून वाळत घाल," ती म्हणाली. केरबाला आईची कीव आली. तिला बिचारीला यातलं काय कळणार? त्यानं गोधडी तशीच निथळती कुंपणावर टाकली. पलीकडे आबांच्या घरचे लग्नाचे पापड वाळत होते. गोधडीचं पाणी गळून त्यांचं पुन्हा पीठ झालं.

"केरबा," आबा म्हणाले, "मांडवात एक जरी येडेपणा केलास, तर पोरगी घेऊन घरी जाईन."

आता मिस्त्रींच्या शब्दाबाहेर जायचं नाही, असं केरबानं ठरवलं.

लग्नाच्या आदल्या दिवशी मिस्त्रींनी त्याला धडधडणारा पंप दाखवला. "हलणारं आणि न हलणारं थेट जोडायचं नाही. मध्ये नळी घालायची. म्हणजे एकाची थरथर दुसऱ्याला लागत नाही."

लग्नात उपरण्याला शालूची गाठ बसली. भटजी म्हणाले, "वधूचा हात धरा. सात पावलं चालायची."

पारूचा हात थरथरत होता. केरबा तयारीनं आला होता. त्यानं कोटातून नळी काढली, एक टोक पारूच्या हातात दिलं आणि दुसरं आपण धरलं.

पारूनं नळीकडे पाहिलं, केरबाकडे पाहिलं आणि ती खदाखदा हसली. हाताची थरथर थांबली. आबा मात्र ताडकन उठले.

मिस्त्री घाईनं पुढे झाले. "थांबली ना थरथर? मग ती नळी आधी जागेवर ठेव!"

"ठेवतो की."

नळीची जागा कारखान्याच्या गोदामात. केरबा निघाला. गाठ पक्की होती, म्हणून पारूही निघाली, हसत हसत. मागे मंत्र म्हणत, पावलं मोजत भटजी. त्यांच्या मागे अक्षता घेतलेलं वऱ्हाड. सगळ्यांत शेवटी धोतर सावरत आबा, "माझी पोरगी द्या" म्हणत.

गोदामाशी भटजी मटकन खाली बसले. "आबा, आता कसली नेता पोरगी? सातव्या पावलाला लग्न लागतं. माझी मोजणी हजारावर गेली!"

आबांनी हात टेकले. वऱ्हाडानं तिथंच अक्षता टाकल्या.

केरबानं नळी खुंटीला अडकवली, हात झटकले आणि पारूला म्हणाला, "चल लवकर. आपल्याला लग्नाला उशीर होतोय."