अर्धा राहिलेला कूड

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि शब्दही साधेच येतात. चुकेल तिथं सांभाळून घ्या, पण गोष्ट पोरांना वाचून दाखवा.

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. त्या गावात एक तरुण बुरूड राहत होता. टोपल्या आणि सुपं विणण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. पण चार माणसांसमोर बोलायचं म्हटलं की त्याच्या तोंडून शब्द फुटत नसे.

गावातली पोरं संध्याकाळी नुसती भटकायची, नाहीतर भांडायची. यांना जमायला हक्काची जागा हवी, असं बुरुडाला फार वाटे. त्यानं आणि त्याच्या सुतार मित्रानं मुलांचं मंडळ काढायचं ठरवलं. दोघं पाटलांकडे गेले. बोलला अर्थात सुतारच.

पाटील म्हणाले, "गावाबाहेरची जुनी धर्मशाळा घ्या. पण ती व्यापाऱ्यालाही हवी आहे, पोती ठेवायला. पहिल्या दिवशी पोरं दिवे लागेपर्यंत टिकली तर जागा तुमची. नाही टिकली तर व्यापाऱ्याची."

बुरूड राबू लागला. जमीन सारवली, झोपाळे टांगले, चटया विणल्या.

"अरे, पोरांशी काय बोलायचं ते ठरवलंस का?" सुतारानं विचारलं.

"सगळं तयार असलं की बोलायला लागतच नाही," बुरूड म्हणाला.

एकच काम मागे राहिलं. धर्मशाळेची पश्चिमेची भिंत पडली होती. तिच्या जागी तो बांबूच्या पट्ट्यांचा कूड विणत होता. तो अर्धाच झाला आणि ठरलेला दिवस उजाडला.

संध्याकाळी पोरं आली, चटयांवर ओळीनं बसली. पाटील आणि व्यापारीही दारात येऊन उभे राहिले. कुणी झोपाळ्याला हात लावला की सुतार ओरडे, "हळू! दादानं जीव ओतून केलंय ते!" मग पोरं पाहुण्यांसारखी बसून राहिली. जांभया सुरू झाल्या.

"मामाच्या लग्नात बसल्यासारखं वाटतंय," एकजण म्हणाला. "आणि जेवणही नाही!"

दोघं उठून निघालेच. दारातून व्यापाऱ्यानं विचारलं, "काय पाटील, पोत्यांची गाडी जुंपू का?"

तेवढ्यात उतरतं ऊन अर्ध्या कुडातून आत आलं. कुंभाराची सगुणी डोळ्यांवर हात धरून म्हणाली, "दादा, हे अर्धंच का ठेवलंय?"

सुतार बुरुडाच्या कानाशी लागला. "पोरांना सावलीत सरकव. कूड मी चटईनं झाकतो. पाटलांना दिसायला नको."

बुरुडाचे कान तापले. झाकणं सोपं होतं. पण तो उठला आणि सगळ्यांसमोर अडखळत म्हणाला, "मला... मला तो पुरा करता आला नाही. तू हात लावशील?"

"मला कुठं येतंय!"

"ये, दाखवतो. एक पट्टी पुढून, एक मागून."

सगुणीची पहिली पट्टी वाकडीच गेली. मागून कुणीतरी हसलं. "सगुणे, कूड विणतेस का साप?"

"मग तू ये ना, शहाण्या!"

शहाणा आला. त्याच्या मागोमाग दुसरी आली. कुणी पट्ट्या भिजवू लागलं, कुणी लांब हातांच्या पोरांना खांद्यावर चढवलं. निघालेले दोघं दारातूनच परतले आणि "आम्हाला पण जागा द्या" म्हणून भांडू लागले.

गावात दिवे लागले. पाटील व्यापाऱ्याला म्हणाले, "बैलांना वैरण घाला. ही पोरं काही हलायची नाहीत."

सगळे गेल्यावर सुतार म्हणाला, "फारच वाकडा झालाय रे. आपण सरळ करून टाकू."

"नको," बुरूड म्हणाला. "तो त्यांचा आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो थेट धर्मशाळेकडे गेला नाही. कुंभाराच्या दारात उभा राहिला आणि मोठ्यानं हाक मारली, "सगुणे, चल, दार उघडायचंय!"

ती डोळे चोळत बाहेर आली. त्यानं किल्ली तिच्या हातात ठेवली आणि तिच्या मागून चालू लागला.

यातून घ्यायचं तात्पर्य एवढंच: ज्यांच्यासाठी घर उभं कराल, त्यांच्या हातांनाही त्यात काम ठेवा; तेव्हाच ते घर त्यांचं होतं.