दुप्पट खुराक

तालमीचे आश्रयदाते इनामदार गरजले, "येसबाचा खुराक दुप्पट करा, ताकद दुप्पट होईल! रोज चाळीस अंडी, चार शेर मटण. जमत नसेल तर वस्ताद बदलू!"

आठवड्यात येसबा पैलवानाचं पोट नगाऱ्यासारखं फुगलं. पन्नास जोरांतच त्याला धाप लागू लागली. कुस्ती तर तोंडावर आलेली.

मग हैबती वस्तादांनी आखाड्याच्या लाल मातीत घागरीवर घागरी रिचवल्या. पाहणीला आलेले इनामदार घोट्यापर्यंत रुतले.

"हैबती, अक्कल गहाण ठेवलीस? मातीला लागतं तेवढंच पाणी घालायचं. जास्त झालं की चिखल!"

वस्तादांनी हात जोडले. "रोजच्या दुप्पटच घातलंय, सरकार. म्हटलं, माती दुप्पट कसदार होईल."

इनामदारांची नजर चिखलावरून हळूच येसबाच्या पोटाकडे गेली.

पंधरवड्यानं येसबानं मैदान मारलं, तेव्हा मानाचा फेटा इनामदारांनी वस्तादांना बांधला.